भाची उचलायची आहे

व्यायामशाळेत नाव घालायला गेलो, तेव्हा तिथल्या ट्रेनरनं मला विचारलं, "काका, गोल काय आहे तुमचा?" मला वाटलं, तो माझ्या पोटाबद्दल बोलतोय. मी शर्ट खाली ओढला.

"म्हंजे वजन कमी कराचं आहे, का बॉडी बनवाची आहे?" त्यानं फोड करून विचारलं.

"मले भाची उचलाची आहे," मी म्हणालो.

हा ट्रेनर वरठीच्या कारखान्यात शिफ्ट करतो आणि संध्याकाळी मोटरसायकलनं तुमसरला येऊन व्यायामशाळा उघडतो. पोलीस भरतीची पोरं, लग्न ठरलेली पोरं, डॉक्टरनं दम दिलेले मास्तर, असे सगळे त्याच्या हातून गेलेले. भाची उचलणारा माणूस मात्र पहिलाच. त्यानं मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि नीट सांगा म्हणाला.

सांगण्यासारखं फार नव्हतं. आमच्याकडे लग्नात मामा नवरीला दोन्ही हातांवर उचलून मांडवात आणतो. खोलीच्या दारातून निघायचं ते थेट पाटापर्यंत, मध्ये कुठं टेकवायचं नाही. माझी एकुलती एक मोठी बहीण सिहोऱ्याला दिली आहे, तिला एकुलती एक मुलगी आणि त्या मुलीला सख्खा मामा एकुलता एक, तो म्हणजे मी. पन्नाशी ओलांडलेला, तुमसरात कापडाचं दुकान चालवणारा. दिवसभर गादीवर बसून गिऱ्हाइकासमोर पातळं उलगडायची आणि ते काही न घेता गेलं की परत घडी घालायची, एवढाच माझा व्यायाम. मुलगी म्हणाल तर कॉलेजात कबड्डी खेळलेली, अंगानं भरलेली. तिनं पकडलेली मुलगी पंचांची शिट्टी वाजल्यावरही थोडा वेळ तिथंच पडून राहायची. तिचं नेमकं वजन विचारायची हिंमत घरात कुणालाच नव्हती.

आता कुणी म्हणेल की मामानं नाही उचललं तर काय आभाळ कोसळतं. आमच्या ताईच्या बाबतीत ते एकदा कोसळलं होतं. तिच्या लग्नाच्या वेळी आमचा मामा रुसून बसला, लग्नालाच आला नाही आणि ताई मांडवात पायी चालत आली. तिच्या सासरच्या बायकांनी ते धरून ठेवलं. भात करपला तरी, म्हैस आटली तरी, कुणीतरी म्हणायचंच, "काय करता बाप्पा, इले तं मामानंबी नाही उचललं." ताईनं हे किती वर्षं ऐकलं ते तिलाच ठाऊक. म्हणून मुलगी झाली त्या दिवशी, बाळंतिणीच्या खाटेवरून तिनं मला सांगितलं होतं, "बाबू, हिले मांडवात तूच आणजो. माही पोरगी चालत नाही येणार." मी तेव्हा बारीक होतो, पोरगी तर मूठभर होती. मी लगेच हो म्हणालो.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी हा विषय निघाला, तेव्हा आमचा चुलत भाऊ बाजूलाच बसला होता. त्याची राइस मिल आहे. माझ्यापेक्षा लहान, आणि अजूनही तांदळाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, खांद्यावर टाकून दोन पायऱ्या चढतो. तेही कुणी पाहत असेल तर जरा जास्तच. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चिवडा चघळत म्हणाला, "भाऊ, तुले नाही जमलं तं मी आहोच." सगळे हसले. ताई हसली नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मी दुसऱ्याच दिवशी व्यायामशाळेत गेलो.

ट्रेनरनं पहिल्या दिवशी बजावून सांगितलं की आज फक्त अंग मोकळं करायचं, थोड्या बैठका, थोडं चालणं, बस्स. पण माझ्या शेजारी भरतीचं एक पोट्टं धडाधड बैठका मारत होतं, आणि ट्रेनर तिकडे फोनवर बोलत होता. मीही सुरू झालो. मला आश्चर्य वाटलं, काही दुखत नव्हतं. उलट अंगात वारं शिरल्यासारखं झालं. घरी चालत आलो, दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि बायकोला म्हणालो की हे तर काहीच नाही, लोक उगाच घाबरतात.

सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवला आणि तो माझा नाहीच असं वाटलं. मांड्या हात लावू देईनात. कसाबसा भिंतीला धरून संडासात गेलो आणि बसलो ते बसलोच. बायकोनं बाहेरून दार वाजवलं तेव्हा मी तिला आतून सांगितलं, "पाय गेले माहे. दोन्ही गेले." दाढी करायला हात वर जाईना. बाहेरगावी असलेल्या पोराला फोन केला, दुकानातल्या नोकराला फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं आणि आवाज असा काढला की पलीकडच्या माणसानं कुणी वारलं का असं विचारलं.

इथं बायकोबद्दल सांगितलं पाहिजे. माझी बायको पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण निघून जाते, असं आमच्याकडे मानतात, आणि त्यामुळे गल्लीत तिचा मान मोठा. सकाळी चहाच्या वेळी कुणी ना कुणी कंबर धरून अंगणात उभं असतं. ती चुलीवरचं उतरवते, बाहेर येते, पाठीवर हलकेच लाथ मारते आणि आत येऊन भाजीला फोडणी देते. पैसे घेत नाही, तक्रार ऐकत नाही. मात्र या सगळ्या वर्षांत मला कधी उसण भरली नव्हती, त्यामुळे तो योग यायचा राहिला होता.

तो त्या दिवशी आला. मला पालथं झोपवून तिनं दोन्ही मांड्यांवर आणि पाठीवर पाय लावला. हलकेच लाव म्हणून मी सांगितलं होतं, पण इतक्या वर्षांचा संसार, एखादी जोरात बसलीच. मग लगेच खाली वाकून तिनं माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला, कारण नवऱ्याला पाय लागणं पाप. लाथ, नमस्कार, परत लाथ, परत नमस्कार, असं बराच वेळ चाललं. मला दुखत असतानाही हसू येत होतं आणि हसलं की पोट दुखत होतं.

एक-दोन दिवसांत सगळं दुखणं ओसरलं. बायकोनं कुणाला काही सांगितलं नाही, पण अंगणातली गर्दी वाढली. मी जाऊन ट्रेनरला सांगितलं की बरं झालं बायको पायाळू आहे, नाहीतर मी संपलोच होतो. त्याला हसू आवरेना.

"काका, काही संपले नव्हते तुमी," तो म्हणाला. "आंग आंबलं होतं तुमचं."

अंग आंबणं हा शब्द मी जन्मापासून ऐकत आलोय. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सिहोऱ्याकडच्या प्रत्येक घरात तो असतो. पण त्याच्यात काय आहे ते मी कधी पाहिलंच नव्हतं. ट्रेनर म्हणाला, डोशाचं पीठ भिजवल्या भिजवल्या आंबते का? रात्र जावी लागते. तसंच अंगाचं. सवय नसलेलं काम केलं की त्या वेळी काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळते, त्याच्या पुढच्या दिवशी आणखी कळते, मग आपोआप उतरते. दोन्ही बाजूंनी सारखं दुखते, मांडीभर दुखते, थोडं हिंडलं-फिरलं की मोकळं वाटते. "अशा दुखण्यात थोडं हलकं काम कराचं, झोप घ्याची, पाणी प्याचं. अन् हे आंबणं कमी असावं म्हणून पयल्या दिवशी थोडंच कराचं असते, जे तुमी केलं नाही."

"अन् लागलं असलं तं?"

"ते तवाच्या तवा समजते काका. कडकन. एका जाग्यावर, एका बाजूनं. सुजते, नाहीतं वाढत जाते. तसं झालं का वजन खाली ठेवाचं अन् मले सांगाचं. लपवाचं नाही."

मला हे इतकं पटलं की मी त्याचा प्रचारक झालो. दुकानात येणाऱ्या बायांनाही मी पातळं दाखवता दाखवता आंबण्याची लक्षणं सांगायला लागलो. चिखला गावची एक बाई गुडघ्याला हात लावून बसली, तर मी तिला विचारलं की काल काय काम केलं होतं, आंबलं असेल. ती म्हणाली, "पडली होती मी जी, मोटरसायकलवरून." तरी मी आंबण्याचा मुद्दा पूर्ण केला. बायकोच्या पुढ्यातही मी हळूच बोलून दाखवलं की तुझ्या अंगणात येणाऱ्यांपैकी निम्मे तर आंबलेलेच असतील, ते तसेही बरे झाले असते. ती म्हणाली, "मंग बरंच झालं न, लाथ फुकटच आहे."

पण खरं सांगायचं तर मी सुधारत होतो. रोज नाही, एक दिवसाआड जायचो. आधी दहा-पंधरा मिनिटं हातपाय हलवायचो, मग वजन. ट्रेनरनं उचलायची रीत शिकवली. कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, ओझं छातीशी घट्ट धरायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. उठल्यावर कंबर वळवायची नाही, वळायचं असेल तर पाय वळवायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत मी एका कट्ट्यात तांदूळ भरून ठेवला होता. सुरुवातीला पाव भरलेला, मग हळूहळू भर घालत गेलो. बायको एकदा दारात उभं राहून पाहत होती. म्हणाली, "त्या कट्ट्यापेक्षा मलेच उचलून पाहा न."

"ट्रेनर म्हणते, वजन एकदम वाढवाचं नाही," मी म्हणालो. त्या दिवशी मला जेवायला कुणी वाढलं नाही, मी आपलं आपलं घेतलं.

लग्न जवळ आलं तसा कट्टा भरत आला. मी तो उचलून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत होतो, आणि मनात ताई मांडवाच्या कडेला उभी राहून पाहत असायची. असं काही मला आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही. दुकान वडिलांनी दिलं, लग्न त्यांनी ठरवलं. हे एकच काम माझं स्वतःचं होतं आणि ते जमत चाललं होतं, म्हणून मी खूश होतो.

एका थंडीच्या सकाळी मी नुकतंच दुकान उघडलं होतं आणि चुलत भाऊ आला. लग्नाच्या कापडाचं काहीतरी निमित्त होतं. बसला, इकडे तिकडे पाहिलं, मागच्या खोलीत त्याला कट्टा दिसला. उठून गेला, पायानं ढकलून पाहिला आणि म्हणाला, "हेच का ते? एवढंसंच?"

अंग थंड होतं. हातपाय हलवले नव्हते. ट्रेनरनं शिकवलेलं सगळं मला पाठ होतं आणि त्यातलं काहीही मी केलं नाही. तावातावानं वाकलो, कंबरेतूनच, कट्टा वर खेचला, आणि भावाला नीट दिसावा म्हणून उभ्या उभ्या कंबरेतून त्याच्याकडे वळलो. डाव्या बाजूला खाली, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, कडकन चमक आली. तवाच्या तवा.

मी कट्टा खाली ठेवला. हसलो. भावाला म्हणालो, "पाहिलं का?" आणि चहा सांगितला. तो चहा मी उभ्यानंच प्यालो, कारण बसता येत नव्हतं. भाऊ म्हणाला, तब्येत चांगली केली तू, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं याचं मला आणखीच वाईट वाटलं.

तो गेल्यावर मी स्वतःला सांगितलं की आंबलं आहे. इतक्या लोकांना हा शब्द वाटला होता, एक माझ्यासाठी ठेवायला काय हरकत होती. दुसऱ्या दिवशी ते कमी व्हायला हवं होतं, वाढलं. तिसऱ्या दिवशी दुखणं कंबरेतून निघून डाव्या मांडीच्या मागून पोटरीत उतरलं आणि पायाच्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. शिंक आली की डोळ्यांपुढं अंधारी यायची, म्हणून मी मिरचीची फोडणी बसली की घराबाहेर जायचो. व्यायामशाळेत जाणं बंद केलं आणि ट्रेनरचा फोन घेणंही. आंबण्यावर बोलणं तर बंदच झालं. लग्न तीन आठवड्यांवर होतं. दुखणं मान्य केलं असतं तर ताईला सांगावं लागलं असतं. म्हणून ते आंबणंच असणं भाग होतं.

शेवटी एका सकाळी अंगणातली माणसं गेल्यावर मी बायकोसमोर जाऊन पाठ करून उभा राहिलो. सहज म्हणालो, "जरा पाय लाव. थोडं आंबलं आहे."

तिनं पाय उचलला. मग काही झालंच नाही. मी वळून पाहिलं तर तिनं पाय खाली ठेवला होता.

"नाही लावत मी," ती म्हणाली.

"काहून?"

"हे आंबलेलं नाही अन् उसण बी नाही. आंग आंबलं तवा तुमी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं. दुकानात फोन केला, पोराले फोन केला, संडासातून ओरडले. आता पाहून राहिली मी, चार दिवसांपासून चूप आहा. डाव्या पायाची चप्पल घालतानी भिंत धरता, अन् मले विचारता भाजी काय आहे." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाकीच्याईले मी पाय लावतो तं मले काही वाटत नाही. तुमच्या पाठीले काही झालं अन् माह्या लाथेनं वाढलं तं मी कोठी जाऊ?"

इतक्या वर्षांत तिनं कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. मी भिंतीला टेकलो आणि म्हणालो, "दुखते. लय दुखते." एवढं बोलल्यावर मला जरा बरंही वाटलं.

भंडाऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला पालथं-उताणं केलं, बोटांना टाचणी लावून पाहिली, मग ताठ ठेवून डावा पाय वर उचलायला लागले. फार वर गेला नाही तोच मी किंचाळलो. ते म्हणाले, मणक्यांच्या मधली गादी सरकली आहे, तिचा शिरेवर दाब येतोय. दुकानातली गादी मी तीस वर्षं सोडली नव्हती, आणि सरकली ती ही. ऑपरेशनची गरज नाही, असं त्यांनी लगेच सांगितलं, तेव्हा बायकोनं हात जोडले. गोळ्या, थोडा आराम, पण नुसतं पडून राहायचं नाही, सपाटीवर चालायचं, पुढं वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. पायातला जोर कमी झाला, किंवा लघवीला त्रास झाला, तर वेळ न घालवता यायचं.

"इतके दिवस काय केलं?" त्यांनी विचारलं.

"आंबलं असेल वाटलं."

"आंबलेल्या पायाला मुंग्या येत नसतात."

मी मान हलवली. मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "डॉक्टरसाहेब, भाचीला उचलता येईल का?"

ते लिहिता लिहिता म्हणाले, "किती महिन्यांची आहे?"

"लग्न आहे तिचं," बायको म्हणाली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे पाहून सांगितलं, "यांना उचलू देऊ नका."

सिहोऱ्याला मी बसनं गेलो. खिडकीला धरून उभा होतो, बसायला जागा असूनही. ताई ओसरीत पापडाचे डबे भरत होती. मी सगळं सांगितलं, कट्टा, भाऊ, चमक, गादी. तिनं ऐकून घेतलं, डब्याचं झाकण लावलं. झाकण आधीच लागलेलं होतं, तरी परत लावलं.

"तुले एकच काम होतं बाबू," ती म्हणाली.

मग ती म्हणाली की ठीक आहे, मिलवाल्याले सांगून देतो, तोही मामाच आहे. तेवढ्यात भाची आतून बाहेर आली. तिनं आधी मला विचारलं की पाय कसा आहे, मग आईला म्हणाली, "मामा नाही उचलत तं कोणी नाही उचलत. मी काय कट्टा आहो का, याच्याकडून त्याच्याकडे द्याले? मी चालत येईन."

"चालत नाही याचं," ताई इतक्या जोरात म्हणाली की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. त्यानंतर लग्नापर्यंत ताई माझ्याशी कामापुरतं बोलली. आहेर आणले का, ठेव तिकडे, इतकंच.

लग्नाच्या दिवशी मी सदऱ्याखाली पट्टा बांधला, दुखण्याची गोळी घेतली, आणि मनाशी एक ठरवलं ते बायकोला सांगितलं नाही. गोळीनं दुखणं बरंच दबलं होतं, आता बसताही येत होतं. दारापासून पाटापर्यंत अंतर फार नव्हतं. भाचीला एकदा छातीशी धरून उठलो की झालं, मग पुढं काय व्हायचं ते होवो, असं मी ठरवलं होतं. दारापाशी गेलो तर चुलत भाऊ आधीच हजर होता. सिल्कचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. ताई त्याच्या आणि माझ्या मध्ये उभी होती आणि दोघांकडेही पाहत नव्हती. बाहेर बँड वाजायला लागला. गुरुजी मांडवातून हात हलवून बोलवायला लागले.

भाची दारात आली. हिरवा चुडा, पिवळं पातळ, कपाळावर मुंडावळ्या. मी गुडघ्यात बसायला लागलो. तिनं माझ्या दंडाला धरलं. कबड्डीत पाय धरायची तिची पकड मी ऐकून होतो, दंडावर ती त्या दिवशी कळली. मला वर करून तिनं माझा हात आपल्या हातात घेतला.

"मामा, वाकू नका. चला," ती म्हणाली. आणि निघालीच.

भावाला पुढं यायला जागाच राहिली नाही. आम्ही चालायला लागलो. माझा डावा पाय जरा घासत होता, म्हणून ती हळू चालत होती, आणि ती हळू चालतेय म्हणून बँडवाल्यांनी चाल हळू केली, आणि लोकांना वाटलं हे मुद्दामच आहे. मागं ताई होती. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. तिच्याकडे वळून पाहायची माझी हिंमत नव्हती.

मांडवाच्या तोंडाशी मुलाकडच्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी, नवरदेवाची आजी असावी, चष्मा सारखा करून आमच्याकडे पाहत राहिली. मग मोठ्यानं विचारलं, "काहून जी, तुमच्यात मामा नवरीले उचलत नाही का?"

मी थांबलो. भाचीही थांबली. हेच ते बोलणं होतं, जे ताईनं सासरी वर्षानुवर्षं ऐकलं होतं, आणि आता तिच्या मुलीला माझ्यामुळे ऐकायला लागणार होतं. माझ्या मनात आलं की आता इथंच उचलावी. बायको गर्दीतून माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती.

"आमच्यात मामा हात धरूनच आणते," मागून ताईचा आवाज आला. अगदी रोजचा आवाज, पापडाचा भाव सांगावा तसा. "पयलेपासूनची रीत आहे. मलेबी मामानं हात धरूनच आणलं होतं."

म्हातारीनं चुलत भावाकडे पाहिलं, कारण तो आमच्याकडचा मोठा माणूस दिसत होता. त्यानं मागच्याच वर्षी त्याच गावात स्वतःच्या भाचीला उचलून मांडवात आणलं होतं आणि त्याचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला होता. त्यानं बाह्या खाली केल्या.

"हो जी," तो म्हणाला. "पयलेपासून."

"चांगली आहे रीत," म्हातारी म्हणाली. "उचलतानी पाडलं होतं एकानं माह्या बहिणीले."

भाची पाटावर उभी राहिली. मंगलाष्टकांच्या वेळी मामा नवरीच्या पाठीशी उभा असतो, ती जागा मी सोडून बाजूला सरकत होतो, म्हटलं तिथं तरी ज्याला उभं राहता येतं तो उभा राहू दे. तेवढ्यात ताई कुठूनतरी प्लास्टिकची खुर्ची ओढत घेऊन आली आणि तिनं ती बरोबर भाचीच्या मागं ठेवली. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "बस. पाय घासून राहिला तुहा, उभा नको राहू. मामाची जागा आहे हे, बसूनच सांभाळ."

मी बसलो. अक्षता पडायला लागल्या तसं मला रडू यायला लागलं आणि काही केल्या थांबेना. कुणी पाणी आणलं, कुणी मलम आणलं, कुणी बायकोला म्हणालं की एक लाथ मारून द्या. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी सांगितलं की पाठ दुखते आहे. ताईनं विचारलं नाही. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून शेवटपर्यंत माझ्या मागं उभी होती.